सर्व्हरची हार्ड डिस्क आणि सोलापूरचं ऊन

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार. अशा उन्हात चादरीच्या कारखान्यात चोवीस तास सर्व्हर चालवायचा, तर पहिला प्रश्न ठरलेलाच : हार्ड डिस्क तग धरेल का? धरते! गूगलने 2007 साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. उष्णता आणि बिघाडाचं नातं वाटलं होतं तेवढं घट्ट निघालं नाही. तीन वर्षांहून जुन्या, फार तापलेल्या डिस्कनी मात्र मान टाकली. एसी हवाच, पण खोलीचं काश्मीर करायची गरज नाही.

खरा वैरी हादरा. 7200 आरपीएमची तबकडी सेकंदाला 120 गिरक्या घेते, साडेतीन इंची डिस्कमध्ये तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरवर जातो आणि वाचणारं हेड तिच्यावर जेमतेम काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. ब्रेंडन ग्रेग या इंजिनिअरने 2008 मध्ये डिस्कच्या रॅकसमोर नुसती आरोळी ठोकली, तर डिस्क मंदावल्याचं स्क्रीनवर लगेच दिसलं! 2016 मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेत आग विझवणाऱ्या यंत्रणेची चाचणी झाली. वायू सुटल्याच्या प्रचंड आवाजानेच डिस्क निकामी झाल्या, एटीएम ठप्प. तेव्हा यंत्रमाग चालतात त्या शेडच्या भिंतीला रॅक चिकटवू नका. एंटरप्राइज डिस्क घेताना कंप ओळखून हेड सावरणारे सेन्सर आहेत का ते बघा. जादा पैसे त्यासाठी जरूर मोजावेत.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. बिघाडाआधीचे सरासरी 10 लाख तास म्हणजे 114 वर्षं! त्याचा खरा अर्थ एवढाच, की शंभर डिस्कपैकी वर्षाला साधारण एक जाईल. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रत्यक्ष नोंदी तपासल्या, तर बऱ्याच ठिकाणी वर्षाला शंभरात दोन ते चार डिस्क बदलाव्या लागत होत्या. महागड्या आणि साध्या साटा डिस्कमध्ये फारसा फरकही नव्हता.

वेगात एसएसडीला तोड नाही. विखुरलेल्या छोट्या नोंदी फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक उचलते, साधी एसएसडी हजारोंनी. म्हणून बिलं, स्टॉक एसएसडीवर. सीसीटीव्ही आणि बॅकअप डिस्कवर. यूपीएस दोघींनाही हवा.

आता सगळ्यात भारी गोष्ट. 2013 पासून मोठ्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरलेला मिळतो. त्याची घनता हवेच्या सातव्या हिश्शाइतकीच, त्यामुळे घर्षण कमी, वीज कमी, तबकड्या जास्त. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात याच हेलियमची रेषा सूर्याच्या प्रकाशात टिपली गेली. खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होता आणि जॉन हर्शेल आपल्या विजापूरच्या पुढे, जमखंडीला, ढगांच्या फटीतून वर्णपटदर्शक रोखून! ते नवं मूलद्रव्य आहे हे इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने पुढे मांडलं.

डिस्क स्वतःच बिघाडाचे इशारे नोंदवते ती ‘स्मार्ट’ तपासणी दर महिन्याला करा, पण तिच्यावर विसंबू नका : गूगलच्या अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही न देता गेल्या होत्या. बॅकअपची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा आणि ती उघडते का, हे अधूनमधून पाहा.