आखडलेले बोट : सुई, इंजेक्शन की शस्त्रक्रिया?

तळहाताच्या कातडीखाली चिवट तंतूंचा एक पडदा असतो. वस्तू पकडताना कातडी घसरू नये म्हणून तो तिला आतून धरून ठेवतो. काही जणांच्या या पडद्यात कोलॅजन साचत जाते. आधी बहुधा अनामिकेच्या किंवा करंगळीच्या मुळाशी कठीण गाठ लागते. पुढे तिचा दोर बनतो आणि तो आखडत जाऊन बोट तळहाताकडे ओढतो. दुखणे फारसे नसते. पण तोंड धुताना बोट डोळ्यात जाते, खिशात हात घालणे अवघड होते. पॅरिसचे शल्यचिकित्सक गियोम ड्युपुट्रेन यांनी १८३१ मध्ये यावर शस्त्रक्रिया केली. त्यांच्या नावावरून हा विकार ‘ड्युपुट्रेन काँट्रॅक्चर’ म्हणून ओळखला जातो.

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत, त्यातही पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत, तो जास्त आढळतो. बऱ्याचदा तो घराण्यात चालत आलेला असतो. भारतात तो त्यामानाने विरळा आहे, पण मधुमेह असलेल्यांना त्याची शक्यता अधिक असते. त्याची साधी परीक्षा म्हणजे हात टेबलावर पालथा ठेवणे. तळहात आणि बोटे सपाट टेकत नसतील, तर डॉक्टरांना दाखवण्याची वेळ झाली असे समजावे. नुसती गाठ असेल आणि बोट सरळ होत असेल, तर सहसा लक्ष ठेवणे पुरेसे असते.

मोठा छेद न घेता करायचे मुख्य उपचार दोन. पहिला सुईचा. १९७० च्या दशकात फ्रान्समधील संधिवाततज्ज्ञांनी तो रूढ केला. कातडीपुरती भूल देऊन बारीक सुईच्या टोकाने दोर ठिकठिकाणी कमकुवत केला जातो आणि बोट ताणले की तो तुटतो. भूल वरवरचीच ठेवतात, कारण सुई मज्जातंतूजवळ गेली तर बोटात झिणझिण्या येतात आणि डॉक्टरांना लगेच कळते. एकाच भेटीत काम होते, खर्च कमी येतो आणि थोड्याच दिवसांत हात कामाला लागतो.

दुसरा उपचार कोलॅजनेज या विकराच्या इंजेक्शनचा. जीवाणूंपासून मिळवलेले हे विकर दोरातील कोलॅजन विरघळवते. एक ते तीन दिवसांनी पुन्हा जाऊन भूल घेऊन बोट सरळ करून घ्यावे लागते. हात सुजणे, काळानिळा पडणे, कातडी फाटणे हे त्रास होतात. क्वचित स्नायुरज्जूही तुटतो. अमेरिकेत २०१० मध्ये या औषधाला मंजुरी मिळाली. युरोपातून मात्र कंपनीने २०२० मध्ये ते व्यापारी कारणांसाठी मागे घेतले.

दोन्हींची खरी कसोटी लागते ती काळावर. फिनलंडमधील ३०२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी सुई, इंजेक्शन आणि दोर कापून काढणारी शस्त्रक्रिया यांचे यश जवळपास सारखे होते. दोन वर्षांनी ते शस्त्रक्रियेत ७८ टक्के, इंजेक्शनमध्ये ६५ टक्के आणि सुईत ५० टक्के उरले. कारण उघड आहे. सुई दोर तोडते, इंजेक्शन त्याचा काही भाग विरघळवते. रोगट पडदा आतच राहतो. शस्त्रक्रियेत तो बराचसा निघतो, पण जखम भरायला आठवडे लागतात आणि मज्जातंतूला इजा होण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतरही विकार उलटू शकतो.

कोणता सांधा आखडला आहे, यावरही बरेच अवलंबून असते. बोटाच्या मुळाचा सांधा सुईने किंवा इंजेक्शनने चांगला मोकळा होतो. मधल्या पेराचा सांधा हट्टी असतो; तो फार दिवस वाकलेला राहिला तर दोर तुटल्यावरही पूर्ण सरळ होत नाही.

म्हणूनच दोर स्पष्ट हाताला लागतो, मुळाचाच सांधा वाकला आहे आणि हात लवकर कामाला हवा आहे, अशा रुग्णाने आधी सुईचा उपचार करून घेणे रास्त ठरते. आखडणे परतले तर तो पुन्हा करता येतो. मधला सांधा बराच वाकला असेल किंवा दोर वारंवार परतत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. निवड कोणतीही असो, मधला सांधा कायमचा ताठरण्यापूर्वी हाताच्या शल्यचिकित्सकांचा सल्ला घेणे महत्त्वाचे.