दाढीचा ब्रश: निवड आणि निगा

दाढीच्या सामानात सर्वांत कमी विचार होतो तो ब्रशाचा. ब्लेड कोणते चांगले, यावर चार माणसे चार मते देतील. साबण घ्यावा की क्रीम, यावर वादही घालतील. ब्रश मात्र दुकानदार पुढे करील तो घ्यायचा आणि त्याची केरसुणी होईपर्यंत वापरायचा, अशीच बहुतेकांची रीत असते. मग गालाची आग झाली, मानेवर पुरळ उठले, की दोष ब्लेडला! पुष्कळदा ते बिचारे निर्दोष असते. दाढी नीट भिजलेलीच नसते.

तेव्हा ब्रशाचे काम काय, ते आधी पाहू. तुम्ही म्हणाल, फेस काढणे. ते तर आहेच. पण खरे काम आहे पाणी पोचवण्याचे. दाढीचा केस कोरडा असताना राठ असतो. त्यात पाणी मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याखाली सहज कापला जातो. हे मुरणे एका क्षणात होत नाही, दोन-तीन मिनिटे लागतात. शिवाय केसांवर त्वचेचे तेल असते, ते पाण्याला आत शिरू देत नाही. ब्रश साबणाने ते तेल काढतो, आडवे पडलेले खुंट उभे करतो आणि त्यांच्या मुळाशी ओला फेस धरून ठेवतो. पूर्वी धोपटी घेऊन घरी येणारा न्हावी वाटीतल्या पाण्यात बोटे बुडवून गाल चांगला चोळीत बसे. त्याच्या वस्तऱ्याला धार असेच, पण निम्मे काम त्या चोळण्याने होई. ब्रश म्हणजे त्या बोटांचा वारस.

आता ब्रश घ्यायचा तर पहिला प्रश्न केसांचा. बाजारात मुख्यतः चार जाती आहेत: डुकराचे केस, बॅजरचे केस, घोड्याचे केस आणि कृत्रिम तंतू.

डुकराचा केस राठ, कणखर आणि स्वस्त. आपल्या देशात या केसांचा व्यापार कानपूरला जुना आहे, आणि उत्तर प्रदेशातच बिजनोर जिल्ह्यातले शेरकोट हे गाव ब्रशांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे रंगाचे ब्रश मुख्यत्वे होतात. हा केस पाणी शोषतो. म्हणून ब्रश वापरण्यापूर्वी काही मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. कोरडाच फिरवलात तर तो टोचणार, आणि फेसही धड होणार नाही. नवा असताना तो जरा आडमुठा वागतो. पण दोन-तीन आठवड्यांच्या वापरानंतर प्रत्येक केसाचे टोक फाटून त्याला दोन-तीन बारीक फाटे फुटतात आणि ब्रश मऊ होऊ लागतो. नव्या जोड्याला पायाची सवय व्हावी लागते, तसेच हे. ज्यांना वडीतल्या कडक साबणाचा फेस करायचा आहे, त्यांना हा ब्रश चांगला. तो साबण खरवडून घेतो.

बॅजर हा बिळात राहणारा प्राणी युरोपात आणि चीनमध्ये सापडतो. ब्रशांसाठी त्याचे केस आज मुख्यतः चीनमधून येतात. हा केस मध्ये जाड आणि टोकाला निमुळता असतो. त्यामुळे गुच्छात पाणी पुष्कळ राहते आणि गालाला स्पर्श मऊ लागतो. किंमतही तशीच असते. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. या ब्रशांवर ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ असे शब्द छापलेले असतात. ‘प्युअर’ म्हणजे शुद्ध, तेव्हा तोच सर्वांत चांगला, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती सर्वांत खालची पायरी आहे! आणि या पायऱ्या काही कुठल्या सर्वमान्य मापाने ठरलेल्या नाहीत; एका कारखान्याचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’च्या तोडीचा असू शकतो. म्हणून शब्दाला पैसे देऊ नका, हातातल्या वस्तूला द्या.

घोड्याचा केस या दोहोंच्या मधला. तो शेपटीचा आणि आयाळीचा घेतात, त्यासाठी जनावराला मारावे लागत नाही. पण याच केसाच्या नावावर एक दुःखद इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात रशिया-जर्मनीकडून येणारे बॅजरचे केस बंद झाले, आणि त्यांच्या जागी पूर्वेकडून आलेल्या घोड्याच्या केसांचे नकली ब्रश निघू लागले. पूर्वी अशा मालाचे निर्जंतुकीकरण युरोपात होत असे. युद्धाच्या गडबडीत ते राहून जाऊ लागले. त्या केसांतून काळपुळीचे, म्हणजे गुरांच्या फाशी रोगाचे, बीजाणू आले. दाढी करताना लागलेल्या बारीकशा कापातून ते शरीरात शिरले आणि ब्रिटन-अमेरिकेत सैनिक व नागरिक या रोगाने आजारी पडले, काही दगावलेही. शेवटी ब्रिटनने १९२० साली जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. हे बीजाणू मोठे चिवट असतात, वर्षानुवर्षे टिकतात आणि साध्या साबण-पाण्याला दाद देत नाहीत. आज नव्या, नावाजलेल्या कारखान्याच्या ब्रशाची अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पण जुन्या वस्तूंचा षोक असेल, मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हस्तिदंती मुठीचा त्या काळातला ब्रश दिसला, तर त्याने दाढी करण्याच्या फंदात पडू नका, एवढे या इतिहासातून घ्यावे.

चौथी जात कृत्रिम तंतूंची. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत १९३५ साली नायलॉन तयार झाले, आणि १९३८ साली त्याचे दात घासण्याचे ब्रश बाजारात आले. पुढे दाढीचे ब्रशही निघाले. ते काही फार चांगले नव्हते: तंतू गुळगुळीत, पाणी टिकत नसे आणि टोके टोचत. तेव्हापासून ‘प्लास्टिकचा ब्रश म्हणजे टाकाऊ’ हे मत जे पक्के झाले ते अजून जात नाही. पण आता टोकाला निमुळते होत जाणारे, अतिशय बारीक तंतू काढता येतात, आणि त्यांचे ब्रश चांगल्या बॅजरच्या जवळपास मऊ असतात. त्यांना भिजत ठेवावे लागत नाही. जनावराचा वास येत नाही. साबण कमी लागतो. आणि आपल्या कोकणासारख्या दमट हवेत सर्वांत मोठा गुण म्हणजे ते लवकर वाळतात.

इथे आणखी एका गोष्टीचा विचार येतो. डुकराचा केस कित्येकांच्या घरात धर्माच्या कारणाने चालत नाही, कित्येकांना प्राण्याला मारून काढलेला केस तोंडाला लावणेच रुचत नाही. अशांनी संकोच न करता दुकानात विचारावे. वेष्टणावर नुसते ‘प्युअर ब्रिसल’ असे असेल तर तो बहुधा डुकराचा केस समजावा. शंका राहिली तर घरी एक सोपी परीक्षा आहे. ब्रशाचा गळालेला एखादा केस चिमट्यात धरून जपून जाळून पाहा. प्राण्याचा केस असेल तर केस जळल्याचा ओळखीचा वास येईल आणि बोटाने चुरडणारी राख राहील. कृत्रिम तंतू वितळेल, आणि त्याची टणक गुठळी होईल. आणि कोणी मुंगसाच्या केसांचा ब्रश म्हणून पुढे केला, तर सरळ नाही म्हणा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले आहे, आणि त्याच्या केसांचा धंदा हा गुन्हा आहे.

जात ठरली. आता प्रत्यक्ष ब्रश हातात घेऊन काय पाहायचे?

पहिले, गुच्छाची दाटी. अंगठा आणि बोट यांत गुच्छ मुळाशी धरून दाबा. भरीव लागला पाहिजे. वरून फुललेला आणि आत पोकळ, असे पुष्कळ ब्रश असतात. मधले केस बोटाने बाजूला सारून पाहा, बुडाचा डिंक लगेच दिसत असेल तर केस कमी भरले आहेत असे समजा.

दुसरे, लवचिकपणा. तळहाताच्या मागच्या बाजूवर ब्रश टेकवून जरा दाबा आणि सोडा. तो पसरला पाहिजे आणि पुन्हा उभा राहिला पाहिजे. पसरून तसाच राहिला तर तो फेस गालावर नीट चोळणार नाही. मुळीच पसरला नाही तर त्वचा ओरखडेल.

तिसरे, टोके. मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर ब्रश गोल फिरवा. चांगल्या ब्रशात केसांची मूळची निमुळती टोके वर ठेवलेली असतात आणि आकार येण्यासाठी केस बुडाशी जमवलेले असतात. स्वस्तात वरूनच कात्री लावतात. अशी कापलेली टोके टोचतात, आणि ते तुम्हांला तिथल्या तिथे कळेल.

चौथे, बांधणी. दोन-चार केस हलकेच ओढून पाहा. नव्या ब्रशाचे सुरुवातीला थोडे केस गळतात, त्याची काळजी नको. पण महिनाभरानंतरही रोज गालावर केस सापडू लागले तर जोडच कच्चा आहे. असा ब्रश सुधारत नाही.

पाचवे, माप. गुच्छाचा बुडाशी व्यास २० ते २६ मिलिमीटर असतो. पहिला ब्रश घेणाऱ्याने २२ मिलिमीटरच्या आसपासचा व्यास आणि सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे केस असलेला घ्यावा. फार मोठा ब्रश नाकाखाली वळत नाही आणि साबण उगाच खातो. केस जितके उंच तितका ब्रश मऊ आणि ढिला, जितके आखूड तितका ताठ, एवढे सूत्र लक्षात ठेवले की पुरे.

मुठीवर फार वेळ घालवू नये. ओल्या, साबण लागलेल्या बोटांतून ती निसटता कामा नये, म्हणून मध्ये जरा कमरेसारखी निमुळती असावी. लाकडी मूठ दिसायला सुंदर, पण पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि चिरते. लाकूडच हवे असेल तर चांगले रोगण दिलेले पाहून घ्या.

आता निगा. चांगला ब्रश वर्षानुवर्षे चालतो, पण त्याला आपणच मारतो. उकळते पाणी केसांना आणि डिंकाला दोहोंना वाईट. हाताला सोसेल इतके गरम पुरे. दाढी झाल्यावर साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, पाणी झटका, टॉवेलवर दोन-चार वेळा फिरवा, आणि ब्रश मोकळ्या हवेत ठेवा. खाली केस करून टांगलात तर उत्तम, उभा ठेवलात तरी चालेल. ओला ब्रश डब्यात बंद मात्र करू नका, त्याला बुरशी येते. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी असेल तर त्यातल्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बनतो आणि तो केसांच्या मुळाशी बसतो. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा व्हिनेगर घालून ब्रश त्यात काही मिनिटे हलवावा आणि स्वच्छ धुवावा. ब्रश पुन्हा मोकळा होतो.

आपल्याकडे दाढी आधी आणि आंघोळ नंतर, असा रिवाज आहे. तो मोडायचा नसेल तर निदान ऊन पाण्याने चेहरा चांगला भिजवून घ्यावा आणि मग दोन-तीन मिनिटे ब्रश गोल गोल फिरवावा. मधुमेह असलेल्यांनी याचा कंटाळा मुळीच करू नये. त्यांची लहानशी जखमही भरायला वेळ घेते.

आणि शेवटची गोष्ट, जी खरे तर पहिली सांगायला हवी. दाढीचा ब्रश ज्याचा त्याचा असावा. बापाचा मुलाने किंवा भावाचा भावाने वापरू नये. केशकर्तनालयात गेल्यावर आपण नवे ब्लेड मागतो, ते योग्यच आहे. पण ब्रश तोच असतो, सकाळपासून कितीतरी गालांवरून फिरलेला. कातडीचे रोग आणि रक्तातून पसरणारे आजार यांना एक लहानसा काप पुरतो. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जगू शकतो. तेव्हा आपला ब्रश पिशवीत घालून न्यावा, किंवा कारागिराला हातानेच फेस लावायला सांगावे. तो रागावणार नाही. त्याच्या पूर्वजांची रीतही तीच होती.