स्वतः सुधारणारा योजक आणि पेटंटाचा कायदा

संगणकांतील माहितीसंग्रहास आपण प्रश्न विचारतों, तेव्हां उत्तर कोणत्या मार्गानें शोधावें हें आपण सांगत नाहीं. तें ठरविणारा एक निराळाच भाग त्यांत असतो. त्यास योजक म्हणूं. पुण्यांत राहणारे व संस्कृत घेतलेले विद्यार्थी कोण, असें विचारल्यास आधीं पुणेंकर निवडावे कीं संस्कृतवाले, हें त्यास अदमासानें ठरवावें लागतें. अदमास चुकला, तर क्षणाचें काम तासावर जातें. खर्चाच्या अदमासावरून मार्ग निवडण्याची रीत आय. बी. एम. कंपनींतील पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केली.

परंतु असा योजक आज केलेली चूक उद्यां पुनः करी. २००१ सालीं त्याच कंपनीच्या संशोधकांनीं ‘लिओ’ नांवाची रचना मांडली. प्रत्यक्षांत किती ओळी निघाल्या याची ती नोंद ठेवते व अदमासाशीं ताडून पाहते. १०० चा अदमास असतां १००० निघाल्या, तर पुढील वेळीं अदमास दसपट करावयाचा. आपलीं चुकलेलीं गणितें तपासणारा विद्यार्थी याहून निराळें काय करतो?

आतां अशी रीत कोणाच्या मालकीची होऊं शकेल काय? लेखाधिकार शब्दांचें रक्षण करतो, पेटंट रीतीचें. भूमितीचें एखादें उदाहरण दोघां मुलांनीं परस्परांस न विचारतां एकाच रीतीनें सोडविलें, तर लेखाधिकाराच्या दृष्टीनें दोघेही निर्दोष. पण रीतीवर पहिल्याचें पेटंट असेल, तर दुसरा केवळ स्वतःच्या बुद्धीनें तेथें पोंचला असला तरी दोषी ठरतो. हा निर्बंध सामान्यतः अर्जापासून २० वर्षें चालतो.

पोस्टग्रेसक्यूएल हा माहितीसंग्रह कोणासही विनामूल्य वापरतां येतो. जानेवारी २००५ मधील त्याच्या ८.० या आवृत्तींत ‘आर्क’ ही रीत घेतली होती. कोणतीं पानें स्मरणांत ठेवावीं हें ती अनुभवानें शिकते. आय. बी. एम. चे निम्रोद मेगिद्दो व धर्मेंद्र मोधा (हे आपल्या मुंबईच्या आय. आय. टी. चे पदवीधर) यांनीं ती २००३ सालीं उघडपणें छापली होती, परंतु तिच्या पेटंटासाठीं कंपनीचा अर्ज आहे, असें मागाहून कळलें. पेटंट अद्यापि मंजूरही झालें नव्हतें. तरीही कर्त्यांनीं एप्रिलांतील ८.०.२ या आवृत्तींत ती काढून ‘टू क्यू’ ही १९९४ ची जुनी रीत बसविली. पेटंटाचा दावा करणाऱ्यावर येतो, तसाच वापरणाऱ्यावरही येऊं शकतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें कीं, अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चालविल्यानें पेटंटास पात्र होत नाहीं. आपल्या १९७० च्या कायद्याचें तिसरें कलम, २००२ च्या दुरुस्तीप्रमाणें, ‘निव्वळ’ संगणक-प्रोग्रॅमास पेटंट नाकारतें. वकिलांची सारी लढाई या ‘निव्वळ’ शब्दाभोंवतीं चालते.