तुलनेसाठी ठेवलेली माणसे

कपाशीच्या एका ओळीला खत द्यायचे, शेजारच्या ओळीला द्यायचे नाही, हा प्रयोग यवतमाळच्या काळ्या मातीत कोणतीही शाळा करू शकते. खत न मिळालेली ओळ म्हणजे तुलनागट; तिच्याशिवाय खताचा गुण कळत नाही. पण ओळींच्या जागी माणसे असली तर?

१९६१ मध्ये येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी स्वयंसेवकांना फसवून, आपण समोरच्याला विजेचे झटके देत आहोत असे भासवले. तेथे दोष चटकन दिसतो. काहीच न करण्यातला दोष दिसायला वेळ लागतो.

आपल्या राज्यातलेच उदाहरण घेऊ. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठा प्रयोग सुरू झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावागावांचे समूह करून पाडलेले चार गट. तीन गटांना तीन प्रकारच्या तपासण्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींना, तपासणी कोठे करून घेता येईल एवढी माहिती. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणू-चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४.

तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत आधीच ठाऊक होते, असा टीकाकारांचा आक्षेप. खेड्यांत तपासणी नव्हतीच, तेव्हा कोणाचे काही काढून घेतले नाही, हे प्रयोगाची बाजू मांडणाऱ्यांचे उत्तर. आम्हाला ते अर्धेच वाटते. सोय नसणे वेगळे, आणि सोय नसलेल्यांचा गट ठरवून आठ वर्षे त्यातले मृत्यू नोंदत राहणे वेगळे. मात्र एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीनेही मृत्यू घटतात हे याच प्रयोगातून कळले, आणि कळले ते त्या चौथ्या गटामुळेच.