अलिबागची सुई आणि आकाशांतील इलेक्ट्रॉन

मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें, तेव्हां कुलाब्याच्या वेधशाळेपुढें मोठेंच संकट उभें राहिलें. १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती आणि रुळांतून वाहणारी वीज त्या नाजूक सुयांना थरथरविणार हें उघड होतें. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं समुद्रापलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यांत आली. सुयांच्या इमारतींत लोखंड कटाक्षानें टाळलें. दगड वापरला तो पोरबंदरचा. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या, म्हणजे जुन्या मालिकेचा धागा तुटूं नये. विजेची ट्राम १९०७ सालीं आली व १९६४ सालीं गेलीहि. अलिबागची नोंद मात्र चालूच आहे.

ही नोंद कशाची? सुमारें शंभर किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांमुळें हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. तेथील वारे या भारित हवेला हालवितात व दिवसां विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. त्यामुळें अलिबागेस क्षितिजसमांतर चुंबकीय बल दुपारकडे वाढतें, संध्याकाळीं उतरतें. हा प्रवाह तासांच्या हिशेबानें बदलणारा, अगदीं संथ. नभोवाणीच्या लघुलहरी त्याच आकाशांत शिरतात, तेव्हां मात्र इलेक्ट्रॉनला सेकंदास तीस लाखांपासून तीन कोटींपर्यंत आंदोलनें सोसावीं लागतात. वाहकता ही पदार्थाची ठरीव संख्या आहे, ही शालेय समजूत येथें टिकत नाहीं.

भरलेली हातगाडी सावकाश पुढेंमागें ढकलली तर हुकमाप्रमाणें चालते. हात भराभर उलटविला तर जडत्वामुळें ती जागची हालेनाशी होते. मोकळ्या इलेक्ट्रॉनची हीच गत. पण तो गर्दींत सांपडला तर त्याची गति टकरींतच संपते व ऊर्जेची उष्णता होते. दोन टकरींच्या मधल्या वेळांत लहर किती वेळां उलटते, यावर सारें अवलंबून आहे. ग्राफीन हा कार्बनचा एका अणूएवढा जाड पापुद्रा २००४ सालीं मँचेस्टर येथें वेगळा करण्यांत आला. त्यांत टकरी इतक्या भराभर होतात, कीं आंदोलनें सेकंदास लक्ष कोटीच्या घरांत गेल्यावरच प्रवाह मागें पडूं लागतो. (प्रकाशाच्या त्याहूनहि जलद लहरींपुढें इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर उड्या घेतात व पापुद्रा त्या प्रकाशाचा सुमारें २.३ टक्के भाग गिळतो.)

आकाशांत अडीचशें किलोमीटरांवर हवा विरळ, टकरी क्वचित्. तेथून लघुलहर फारशी झीज न होतां परत वळते. साठ ते नव्वद किलोमीटरांच्या थरांत हवा त्या मानानें दाट; तेथें ती कांहीं अंशीं गिळली जाते. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली, कीं तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोंचतात आणि खालच्या थरांत इलेक्ट्रॉन एकाएकीं वाढतात. मग दिवस असलेल्या बाजूवर लघुलहरींचे दूरचे संदेश कांहीं मिनिटें, कधीं तासभरहि, बुडतात. समुद्रावरील विमानांना व जहाजांना त्याची झळ लागते. त्याच वेळीं अलिबागच्या आलेखावर एक लहानसा आंकडा उमटतो. शास्त्रज्ञ त्याला क्रोशे म्हणतात. विणकामाच्या सुईचें नांव तेंच. संथ प्रवाहाची वाट रुंदावली, जलद लहरीची बंद झाली, आणि दोहोंचें कारण इलेक्ट्रॉनांची तीच एक वाढ.