नाव बदललं, नंबर तोच: सरकारी खाती एकमेकांशी बोलतात कशी?

आजच्या भागाचं हे लिहिलेलं रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ तेवढे काढून टाकलेत.

महाराष्ट्रात वडगाव किती आहेत? मोजत बसू नका. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, नुसतंच वडगाव. त्यात इंग्रजीत लिहायचं म्हटलं की एक खातं डब्ल्यूपासून सुरू करतं, दुसरं व्हीपासून. आपल्याला कळतं की गाव एकच. कॉम्प्युटरला मात्र ती दोन गावं वाटतात. मग एका खात्याच्या यादीतलं गाव दुसऱ्याच्या यादीत सापडतच नाही.

यावरचा उपाय ऐकायला अगदी कोरडा आहे: नावावर विसंबायचंच नाही, गावाला नंबर द्यायचा. 2011च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड होता. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’, म्हणजे एलजीडी, हेच काम कायमस्वरूपी करते. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, ग्रामपंचायत, प्रत्येकाला एक कोड. सगळ्या खात्यांनी तोच वापरावा अशी अपेक्षा.

असा एक कोड तुम्ही रोज बघता बरं का. हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी नंबर काढा. सुरुवातीला 27 असेल तर महाराष्ट्र, 30 असेल तर गोवा. हे आकडे जनगणनेतूनच आलेत.

खरी परीक्षा बदल होतो तेव्हा. 2014 साली ठाण्यातून पालघर वेगळा झाला. 2011च्या जनगणनेत शोधलं तर पालघर जिल्हाच नाही, तिथली गावं ठाण्यात दिसतात. गावाचा कोड हाताशी असेल तर जुनी आणि नवी आकडेवारी जोडता येते, नुसतं जिल्ह्याचं नाव असेल तर बसा शोधत. मग 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. नावावर चालणाऱ्या प्रत्येक यादीत दुरुस्ती आली. कोडवर चालणाऱ्या यादीत फक्त पाटी बदलायची.

पण कोडसुद्धा सगळ्यांनी एकच ठेवला तर! तेलंगणा वेगळा झाल्यावर त्याला 36 मिळाला. उरलेला आंध्र एलजीडीत 28च राहिला, जीएसटीत मात्र 37 झाला. दोन्ही सरकारी, दोन्ही बरोबर, आणि डेटा जोडणाऱ्याच्या डोक्याला ताप. माझ्या मते स्टँडर्ड लिहिणं हा सोपा भाग आहे. नवा तालुका झाला, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की ती नोंद त्याच आठवड्यात कोण करणार, हे ठरवणं अवघड. त्या कामाचं कुणी उद्घाटन करत नाही ना.

गावांचं निदान जमतंय. माणसांच्या नावांचं काय? आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, बहुतेकदा आडनावही. माझ्या आजीचं नाव सातबाऱ्यावर मराठीत, ‘बाई’ लावून. आधारवर ‘बाई’ नाही. बँकेत आडनाव आधी आणि स्पेलिंग तिसरंच. तिघांनीही आपापल्या नियमाने बरोबर लिहिलंय. पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता यायचा तर ही तीन माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला आजीलाच चकरा माराव्या लागतात. नावाचे भाग किती, क्रम कोणता, मराठीतून इंग्रजीत कसं न्यायचं, हे खात्यांनी मिळून ठरवलं नाही की त्याची किंमत भरतं कोण, तर बसचं तिकीट काढून तालुक्याला जाणारा माणूस.

एक करा. एलजीडीची साइट मोबाइलवर उघडा आणि आपलं गाव शोधा. कोड सापडला की घरातल्या एखाद्या योजनेच्या कागदावर तोच आहे का बघा. नसेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढचा भाग सातबाऱ्यावर आहे, त्यात वाजवू.