रात्रीची साखर येते कुठून?

‘काल रात्री भाताला हातसुद्धा लावला नाही, तरी सकाळची शुगर एकशे चाळीस!’ मधुमेह असलेल्या घरात ही तक्रार नेहमीची. मग संशय जातो झोपण्याआधीच्या दुधावर, नाहीतर चोरून खाल्लेल्या पेढ्यावर. खरा पुरवठादार मात्र उजव्या बरगड्यांखाली बसलेला असतो. तो म्हणजे यकृत.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. ही कणगी जेमतेम १०० ग्रॅमची. आपण झोपलो की मेंदूसाठी यकृत त्यातली साखर सोडतं, थोडी नवीही बनवतं. किती सोडायची, यावर इन्सुलिनचा लगाम असतो.

कणगी भरल्यावरही आवक थांबली नाही, तर यकृत जादा साखरेची चरबी करतं. काही रक्तात पाठवतं. रिपोर्टमधले ट्रायग्लिसराइड वाढतात ते त्यामुळेच. उरलेली त्याच्याच पेशींत साचते. ती ५ टक्क्यांच्या पुढे गेली की फॅटी लिव्हर. असं यकृत लगामाला जुमानत नाही, गरज नसताना ते साखर सोडत राहतं. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन ओततं. गोची अशी, की ‘साखर थांबव’ हा हुकूम न ऐकणारं यकृत ‘चरबी बनव’ हा हुकूम मात्र इमानेइतबारे पाळतं. साखरेने चरबी वाढते आणि चरबीने साखर.

‘पण मी तर सडपातळ!’ यावरचं उत्तर पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडे हडकुळ्या हातापायांच्या माणसाचंही पोट सुटलेलं असतं, आणि यकृताला घोर असतो तो पोटातल्या चरबीचा.

दिलासा असा, की हे चक्र उलटं फिरतं. न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ मधुमेहींना रोज ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. आठवड्याभरात यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि सकाळची साखर ताळ्यावर आली. हा प्रयोग देखरेखीखालचा होता. गोळ्या-इन्सुलिन चालू असताना घरी करून बघायचा नाही. पण वजन ७ ते १० टक्के उतरलं, तरी यकृताला बराच आराम पडतो. त्यासाठी गोड चहाचे कप, सरबतं, कोल्ड्रिंक आणि दारू आधी कमी करावी. जेवणानंतर पाय मोकळे करावेत.

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ दिसलं की आपण ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून कागद ठेवून देतो. रक्ततपासणीत यकृताचा एसजीपीटी नॉर्मल असला, तरी यकृत निर्धास्त आहे असं नसतं. तेव्हा सोनोग्राफीचा कागद आणि शुगरचा रिपोर्ट एकाच फायलीत लावा आणि डॉक्टरांसमोर एकत्रच ठेवा. दोन्हींत तक्रार एकाचीच असते.